ताईच्या काउन्सिलला कमी मार्क पडले, आता काय?

या वेळी पत्रं बरीच आली पण तीनच घेतेय, कारण पहिल्याचं उत्तर लांबलं. नवीन वाचकांसाठी एका ओळीत सांगते, मी बडोद्याचीच, एम.एस.डब्ल्यू. इथल्या युनिव्हर्सिटीतून केलं आणि पुढची एकोणीस वर्षं इंग्लंडच्या एका काउन्सिलमध्ये (म्हणजे तिकडची नगरपालिका म्हणा) सोशल वर्कर होते, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या डिपार्टमेंटला. आता दांडिया बाजारात असते.

प्रश्न: नमस्कार ताई. मी रावपुऱ्यात राहतो, वय ७१. माझी मोठी बहीण १९७४ साली लग्न होऊन इंग्लंडला गेली, आता ७६ ची आहे, मेहुणे चार वर्षांपूर्वी गेले, ती एकटीच राहते. फेब्रुवारीत बाथरूममध्ये पडली, हाड मोडलं नाही पण तेव्हापासून टबमध्ये पाय टाकायला घाबरते. काउन्सिलकडे मदत मागितली तर असेसमेंट होईल (काय मदत लागते ते कोणी बघून ठरवेल), वेटिंग लिस्टवर आहात एवढंच उत्तर, त्याला पाच महिने झाले. भाची तासाभराच्या अंतरावर असते, नोकरी सांभाळून आठवड्यातून तीनदा जाते, तीही थकलीय. त्यात गेल्या महिन्यात कळलं की त्या काउन्सिलचं इन्स्पेक्शन झालं आणि शेरा आला "सुधारणा आवश्यक". आता काउन्सिलचं पत्र आलंय की आम्ही सुधारणा करतोय, मीटिंगला या, तुमचा अनुभव सांगा. बहिणीने जावं का? की सरळ बडोद्याला घेऊन येऊ? घर तिच्या नावावर आहे, मदत घेतली की घर विकायला लावतात असं इथे एकाने सांगितलं. मला रात्री झोप नाही.

उत्तर: काका, आधी घराचं सांगते म्हणजे आज रात्री तरी झोपाल. ताई स्वतःच्या घरात राहून मदत घेणार असतील, म्हणजे सकाळी कोणी आंघोळ घालायला येणं, जेवण गरम करून देणं वगैरे, तर त्या घराची किंमत हिशोबात धरतच नाहीत. कायमचं केअर होममध्ये जायचं ठरलं तरच घराचा प्रश्न येतो आणि तेव्हाही मरेपर्यंत विक्री पुढे ढकलायची सोय असते. धरतात ते बँकेतले पैसे आणि इन्कम. बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च बहुतेक स्वतःचाच, १४,२५० च्या खाली असेल तर बचतीला हात लावत नाहीत, फक्त इन्कम बघतात, आणि मधे असेल तर थोडं तुम्ही थोडं काउन्सिल. हे आकडे २०१० पासून वाढलेलेच नाहीत, महागाई कुठच्या कुठे गेली तरी, पण तो राग वेगळा.

आणि एक, हे लोकांना माहीतच नसतं, असेसमेंट हे पैशावर अवलंबून नाही. २०१४ चा केअर अ‍ॅक्ट सांगतो की माणसाला मदतीची गरज असू शकते असं नुसतं दिसलं तरी काउन्सिलने असेसमेंट केलंच पाहिजे, बचत लाखो पौंड असो की शून्य. त्यामुळे "तुमची बचत जास्त आहे, तुम्हीच बघा" असं फोनवरून कोणी सांगितलं तर ते चूक आहे, तसं स्पष्ट म्हणायचं.

आता त्या शेऱ्याबद्दल. २०२२ च्या कायद्याने केअर क्वालिटी कमिशनला, म्हणजे तिकडच्या केअरवर देखरेख करणाऱ्या संस्थेला, काउन्सिल तपासायचे अधिकार मिळाले आणि २०२३ पासून ते इंग्लंडमधल्या १५३ काउन्सिलांच्या मागे लागलेत. (हे फक्त इंग्लंडचं हं, स्कॉटलंड आणि वेल्सचं गणित वेगळं.) एकूण नऊ मुद्दे असतात, लोकांच्या गरजा कशा बघता, लोकांना सुरक्षित कसं ठेवता, वरचे साहेब नीट चालवतात का असे, प्रत्येक मुद्द्याला १ ते ४ मार्क, त्याचे टक्के काढतात. ३९ ते ६२ टक्के आले की "सुधारणा आवश्यक", ६३ आले की "चांगलं". म्हणजे एका टक्क्याने शेरा बदलतो, आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत व्हायचं तसंच. म्हणून शेऱ्यापेक्षा भाचीला सांगा की रिपोर्ट उघडून नऊ मुद्द्यांचे वेगवेगळे मार्क बघ, रिपोर्ट सगळ्यांना नेटवर वाचता येतो. असेसमेंटच्या मुद्द्याला २ असतील तर तुमच्या ताईंची वेटिंग लिस्ट म्हणजे तेच २. आणि हा शेरा काउन्सिलचा आहे, घरी मदतीला माणसं पाठवणाऱ्या एजन्सीचा किंवा केअर होमचा नाही, त्यांचं रेटिंग वेगळं असतं, तेही बघून घ्यायचं. वाईट शेऱ्याच्या काउन्सिलमध्ये उत्तम एजन्सी असते आणि उलटंही असतं.

पण काका, मला खरं सांगायचंय ते पुढचं. काउन्सिलकडून काम करून घ्यायचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे वाईट इन्स्पेक्शन नंतरचे सहा-आठ महिने. मी हे आतून बघितलंय. मी रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी आमच्याकडे इन्स्पेक्शन झालं आणि आमचा पण असाच निकाल लागला. सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, चहा-बिस्किटं होती म्हणजे बातमी वाईट हे आम्हाला कळलंच, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हा सहा जणांना एका खोलीत बसवून एक एक्सेलची शीट दिली, वेटिंग लिस्टवरची सगळी नावं, आणि सांगितलं की प्रत्येकाला फोन करा, अजून गरज आहे का विचारा, तब्येत बिघडलेली असेल तर वर घ्या. चांगलंच काम होतं, आधीच करायला हवं होतं.

माझ्या वाट्याला आलेल्या यादीत पहिल्याच पानावर एक बाई होत्या, ८८ वर्षांच्या, जिन्याला कठडा हवा म्हणून नाव घातलेलं. फोन मुलीने उचलला. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, आई आता कशा आहेत, अजून मदतीची गरज आहे का. ती दोन क्षण गप्प राहिली मग म्हणाली, आई मार्चमध्ये गेली. आम्ही ऑगस्टमध्ये फोन करत होतो. मी सॉरी म्हटलं, फोन ठेवला, आणि शीटमध्ये त्या ओळीसमोर "बंद" असा पर्याय निवडावा लागला कारण दुसरा कुठला पर्यायच नव्हता. संध्याकाळी आकडे निघाले, लिस्ट एका आठवड्यात बरीच कमी झाली म्हणून वरून कौतुकाची मेल आली. त्यात किती जणांना खरंच कठडा मिळाला, किती जणांनी कंटाळून स्वतःच्या पैशाने बसवला, किती जण वारले आणि किती जणांनी नुसता फोन उचलला नाही हे वेगळं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढे आमच्यातल्याच एकीने भांडून ते चार रकाने वेगळे करून घेतले. माझ्या मते त्या वर्षातली खरी सुधारणा तेवढीच, बाकी पोस्टर्स.

म्हणून ताईंसाठी पहिली गोष्ट, आणि ही हसण्यावारी नेऊ नका, अनोळखी नंबर आला तरी फोन उचलायचा. काउन्सिलचा फोन बऱ्याचदा नंबर न दाखवता येतो आणि आपली मंडळी फ्रॉड असेल म्हणून उचलत नाहीत, आणि दोनदा फोन केला, उत्तर नाही, की केस बंद व्हायची शक्यता असते. त्यापेक्षा भाचीचा मोबाइल नंबर पहिला संपर्क म्हणून लिहून द्या. आणि तुम्ही बडोद्याहून स्वतः फोन करणार असाल तर ते तुमच्याशी बोलणार नाहीत, भाऊ आहे म्हणून रडलात तरी, ताईंची परवानगी फाइलला लागली पाहिजे. ताईंनी एकदा फोनवर सांगितलं किंवा मेल केली की झालं.

दुसरं, भाचीने आजच एक मेल टाकावी. लांबलचक नको. फेब्रुवारीत पडली, पाच महिने थांबलोय, या पाच महिन्यांत काय बिघडलं, आंघोळ किती दिवसांनी होते, रात्री बाथरूमला जाताना काय होतं, हे तारखांसकट. "सर्व्हिस वाईट आहे" असलं काही लिहायचं नाही, त्याने काही होत नाही. "जूनपासून आई टबमध्ये उतरलेली नाही, बेसिनपाशी उभी राहून अंग पुसते आणि आत्तापर्यंत दोनदा तोल गेला" हे लिहिलं की वाचणाऱ्याला ते फाइलमध्ये चढवावंच लागतं, कारण उद्या त्या पडल्या तर ती मेल टेबलावर येते. शेवटी दोन प्रश्न विचारायचे, आमची केस कुठल्या प्रायॉरिटीला आहे, आणि असेसमेंट होईपर्यंत तातडीची काय सोय करता. गरज तातडीची असेल तर असेसमेंट पूर्ण व्हायच्या आधी सुद्धा मदत द्यायचा अधिकार त्यांना कायद्यानेच आहे.

बाथरूमचा दांडा, टबवरची फळी, उंच कमोड सीट असल्या वस्तू १,००० पौंडांच्या आतल्या असतील आणि गरज मान्य झाली तर फुकट मिळतात, बचत किती का असेना. टब काढून शॉवर करायचा असेल तर ते मोठं काम, त्यासाठी वेगळी ग्रँट असते, इंग्लंडमध्ये ३०,००० पौंडांपर्यंत, पण ती मिळकत बघून. आणि दांड्यासाठी पाच महिने थांबू नका हो, दुकानात मिळतो तो, भाचीच्या नवऱ्याला सांगा. मात्र सक्शनने चिकटणारा घेऊ नका, तो नेमका हवा तेव्हा हातात येतो.

तिसरं भाचीसाठी. तिचं स्वतःचं असेसमेंट मागता येतं, सांभाळणाऱ्या माणसाचं, आईच्या असेसमेंटची वाट न बघता. आपल्या मुली हे मागतच नाहीत, "आईचं करते त्यात काय" म्हणतात. मागू दे. आणि ताईंचा अटेंडन्स अलाउन्स चालू आहे का ते विचारा, पेन्शनच्या वयानंतर ज्यांना रोजच्या गोष्टींसाठी मदत लागते त्यांना मिळतो, बचत किती ते बघत नाहीत, आणि तो काउन्सिलकडून नाही तर केंद्र सरकारच्या पेन्शनवाल्या खात्याकडून मिळतो, म्हणजे काउन्सिलची रांग त्याला लागूच नाही. फॉर्म भयंकर लांब आहे. त्यात "मला जमतं" असं कुठेही लिहू नका, आपल्याला सवय असते ना, कसं काय विचारलं की मजेत म्हणायची, त्या सवयीने फॉर्म नामंजूर होतात.

मीटिंगला जावं का? जावंच. एकट्या नाही, भाचीला घेऊन. इंग्रजी बोलता येत असलं तरी दमल्यावर माणूस मराठीतच बोलतो, तर दुभाष्या आधी मागून ठेवा. तिथे एकच गोष्ट सांगायची पण नीट सांगायची. मला एक काकू आठवतात, मूळच्या आपल्या सयाजीगंजच्या, त्यांच्याकडे दुपारी केअरर यायची, तिला पंधरा मिनिटं, त्यात जेवण गरम करून द्यायचं आणि वहीत लिहायचं. वहीत रोज लिहिलेलं, "जेवल्या". मी एकदा फ्रिज उघडला तर आत सहा डबे, वरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात सोललेलं, प्रत्येकातून दोन चमचे खाल्लेलं. कारण काय तर केअर प्लॅनवर लिहिलं होतं "इंडियन जेवण" आणि येत होती झणझणीत पंजाबी करी, आणि काकूंना हवा होता गुरगुट्या भात आणि वरून साजूक तूप. हे त्यांनी मीटिंगला तसंच सांगितलं, डब्यांसकट. पुढच्या महिन्यात प्लॅनच्या फॉर्मवर "काय खाता" याच्याखाली तीन ओळींची जागा आली, आधी नुसता व्हेज-नॉनव्हेजचा चौकोन होता.

एवढं करूनही हललं नाही तर काउन्सिलकडेच रीतसर तक्रार, "तक्रार" हा शब्द वापरून. त्यांनी बारा आठवड्यांत नीट उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर काउन्सिल आणि सोशल केअरचा ओम्बड्समन (अशा तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी) असतो तिथे जायचं, फुकट आहे, पण प्रकार कळल्यापासून वर्षाच्या आत. केअर क्वालिटी कमिशनला कळवून ठेवायला हरकत नाही, ते माहिती म्हणून घेतात, पण तुमची एकट्याची तक्रार ते सोडवत नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

बडोद्याला आणायचं म्हणाल तर, मी आणू नका म्हणणार नाही, मी स्वतः परत आलेच ना. पण पन्नास वर्षं तिकडे राहिलेल्या बाईला घाबरून आणू नका. इथे कायमचं राहायला आलं की तिकडची सरकारी पेन्शन मिळते पण आहे त्या रकमेवर गोठते, दरवर्षी वाढत नाही, अटेंडन्स अलाउन्स बंद होतो आणि परत गेल्याशिवाय एन.एच.एस., म्हणजे तिकडची सरकारी दवाखान्यांची सोय, फुकट नाही. थंडीत तीन महिने घेऊन या, उत्तरायणाला गच्चीवर बसवा, बघा रमतात का. आणि हो, इकडे यायच्या आधी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचे दोन्ही कागद करून घ्या, पैशाचा वेगळा आणि तब्येतीचा वेगळा. डोकं शाबूत आहे तोपर्यंतच करता येतात. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण "करू की" म्हणतो.

प्रश्न: मॅडम, मी एम.एस.डब्ल्यू. करून तीन वर्षं झाली, बडोद्यातच काम करते. इंग्लंडच्या एका काउन्सिलमध्ये इंटरव्ह्यू झाला, ऑफर येईल असं वाटतंय, पण त्यांचं इन्स्पेक्शन खराब आहे. जाऊ का? आणि एक एजंट म्हणतो की सोशल वर्करचं झंझट सोड, केअररच्या व्हिसावर पंधरा लाखात पाठवतो.

उत्तर: एजंटचा नंबर ब्लॉक कर. २२ जुलै २०२५ पासून केअररसाठी बाहेरच्या देशातून नवीन भरती बंद आहे, तो कसला व्हिसा देणार आहे ते त्यालाच माहीत. काउन्सिलसाठी तुला "सोशल वर्क इंग्लंड" या संस्थेचं रजिस्ट्रेशन लागेल, ते आधी हातात घे.

खराब इन्स्पेक्शनच्या काउन्सिलला मी घाबरणार नाही, उलट तिथे माणसं हवी असतात आणि नवीन पदं निघतात. पण इंटरव्ह्यूला त्यांनी "काही विचारायचंय का" म्हटल्यावर आपण लाजून "नो" म्हणतो ते करू नकोस. विचार की माझ्याकडे एका वेळी किती केसेस असतील, आकडा सांगा. टीममध्ये कायमचे किती आणि एजन्सीचे किती. माझी सुपरवायझर माझ्याशी एकटीशी किती दिवसांनी बसणार आणि गेल्या तीन महिन्यांत ती या टीममधल्या लोकांशी खरंच बसली का. शेवटच्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर मग विचार करायचा. साहेब दर वर्षी बदलत असतील तरी विचार करायचा. बाकी थंडी, एकटेपणा, जेवण या गोष्टी होतात, कुकर इथून ने, तिकडे महाग मिळतो आणि शिटी आपल्यासारखी नसते.

प्रश्न: ताई, सासऱ्यांना इथे शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवावं लागलंय, दुसरा इलाज नव्हता. तुम्ही तिकडच्या इन्स्पेक्शनचं सांगता, इथे कोण बघतं? आपणच काय बघायचं?

उत्तर: २००७ चा ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा कायदा आहे, त्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा असंही म्हटलंय, पण रोजचं कसं चाललंय हे बघायला तुमच्याइतकं दुसरं कोणी जाणार नाही. काही फार गंभीर दिसलं, मारहाण, उपाशी ठेवणं, तर १४५६७ वर फोन करा, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

भेटायला रविवारी सकाळी जाऊ नका, रविवारी सगळे पावडर लावून बसवलेले असतात. मधल्या वारी संध्याकाळी सात-साडेसातला जा, न सांगता. ऑफिसात बसून चहा घेऊ नका, सरळ खोलीत. पाण्याचा ग्लास कुठे आहे ते बघा, भरलेला आहे की नाही ते सगळे बघतात, पण सासऱ्यांचा हात तिथपर्यंत पोचतो का हे बघा, त्यांनाच उचलायला सांगा. नखं बघा. पाठीला आणि टाचेला लाल डाग आहेत का ते बघा, लाजू नका. रात्री किती माणसांमागे किती कामवाले हे ऑफिसला नाही तर तिथल्या मावशींना विचारा, त्या खरं सांगतात, जाताना त्यांच्यासाठी भाकरवडी न्या. शुगरची इंजेक्शनं असतील तर कोण देतं आणि कुठल्या वहीत लिहितं ते विचारा, आणि ती वही उघडा. शाई एकाच रंगाची, अक्षर एकाच्याच हातचं आणि आठवड्याच्या सगळ्या वेळा नेमक्या आठ-शून्य-शून्य दिसल्या तर ती एका बैठकीत भरलेली आहे.